नाव नको, पण खरं सांगा

सर्व्हेच्या अगदी वरती ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'हा सर्व्हे पूर्णपणे निनावी आहे, कृपया मोकळेपणाने उत्तरं द्या'. ते वाचून किती जण खरंच मोकळे होतात हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाय, कारण मी दोन्ही बाजूंना बसलेय, आधी नुसती भरणारी होते आणि नंतर टीमसाठी असे सर्व्हे तयार करून त्यांची उत्तरं वाचत बसणारी झाले. भरणाऱ्यांच्या बाजूला काय होतं ते सगळ्यांना माहितीये. लिंक येते, कोणी उघडत नाही, मग रिमाइंडर येतो, मग शेजारची हळू आवाजात विचारते, "अगं, तू भरलास का तो फॉर्म?" आणि उत्तर येतं, "भरला गं, सगळीकडे चार टाकले."

पाचपैकी चार. पाच दिले तर चमचेगिरी वाटते, तीन दिले तर काहीतरी खटकतंय हे दिसतं आणि मग कोणीतरी विचारणार की काय खटकतंय, आणि एक किंवा दोन देणं म्हणजे तर उघड तक्रारच. चारमध्ये सगळं भागतं. माणूस समाधानी पण दिसतो, थोडा चिकित्सक पण दिसतो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. एक ते पाच अशी ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली, ती लोकांची मतं आणि कल मोजण्यासाठी. हल्ली मात्र त्यावर बहुतेक वेळा मोजली जाते ती भीती. अख्ख्या टीमचा रिपोर्ट ३.९ आणि ४.१ च्या मध्ये येतो, प्रेझेंटेशनमध्ये हिरव्या रंगात दिसतो आणि वरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात. मला असा हिरवा रिपोर्ट दिसला की काळजी वाटते.

आता सगळाच दोष भीतीचा असतो असं नाही. काहीही धोका नसताना पण माणूस स्वतःला जरा बरं दाखवतोच. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधानांची एक प्रश्नावली काढली, त्यात 'मला आजवर कधी कोणाचा तीव्र तिटकारा आलेला नाही' अशा प्रकारची वाक्यं होती आणि खरं की खोटं एवढंच सांगायचं होतं. असा माणूस असतो का? पण 'खरं' म्हणणारे निघतात आणि त्यावरून समजतं की हा माणूस बाकीच्या प्रश्नांनाही समोरच्याला आवडेल असंच उत्तर देत असणार. आणि हे समोर कोण आहे, कशावर लिहायचंय याने पण बदलतं. १९९८ मध्ये अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तेच प्रश्न काहींना कागदावर दिले आणि काहींना हेडफोन लावून कॉम्प्युटरवर. ज्या गोष्टी सांगायला जड जातात त्यांची कबुली कॉम्प्युटरवर बरीच जास्त मिळाली. म्हणजे खरं सांगायची इच्छा लोकांच्या पोटात असते, तिला वाट मिळायला पाहिजे.

आपण ती वाट देतो असं म्हणतो आणि मग स्वतःच बुजवतो. कशी, ते सांगते.

नाव विचारलं नाही म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पण नावाशिवाय माणूस सापडतो, आणि किती सहज सापडतो हे लॅटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्याचा डेटा नावं, पत्ते काढून संशोधनासाठी दिला गेला होता, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड त्यात तसाच होता. स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलर भरून, राज्याचे गव्हर्नर राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. झालं, गव्हर्नरांचा वैद्यकीय रेकॉर्ड हातात. पुढे त्यांनी हिशेब मांडला की अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकटे वेगळे काढता येतील. फिलिप गॉल यांनी २००६ मध्ये तोच हिशेब परत केला तेव्हा आकडा ६३ टक्क्यांवर आला, पण तीन रकाने भरून शंभरातले त्रेसष्ट जण उघडे पडणार असतील तर आपण त्याला निनावी म्हणायचं का?

आणि ही गोष्ट अख्ख्या देशाची. आपल्या ऑफिसच्या सर्व्हेत डिपार्टमेंट, वयोगट, स्त्री की पुरुष आणि किती वर्षं नोकरी झाली हे चार प्रश्न सुरुवातीलाच विचारलेले असतात, 'फक्त विश्लेषणासाठी'. एका टीममध्ये चाळिशीच्या पुढची आणि दहा वर्षांहून जास्त काम केलेली बाई बऱ्याचदा एकच असते. तिने चौथ्या प्रश्नावर टिक केली की खाली सही केल्यासारखंच आहे.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी नियम असतो की पाचपेक्षा कमी लोकांच्या गटाचा रिपोर्ट दाखवायचा नाही. चांगला नियम आहे, पण एकटा पुरत नाही. समजा दहा जणांची टीम आहे आणि 'मॅनेजर तुमचं ऐकून घेतात का' याची सरासरी ३.८ आली. त्याच टीममधल्या पुरुषांचा रिपोर्ट वेगळा मागितला, ते नऊ आहेत म्हणजे नियमात बसतं, त्यांची सरासरी आली बरोबर ४. आता दहा गुणिले ३.८ म्हणजे ३८, नऊ गुणिले ४ म्हणजे ३६. उरले दोन. टीममधल्या एकुलत्या एका बाईने मॅनेजरला दोन दिले हे कोणीही न सांगता कळलं, आणि कुठलाही नियम मोडला नाही. हे करायला हॅकर लागत नाही, फिल्टरचं एक बटण आणि सातवीचं गणित पुरतं.

बरं, हे पण सोडा. उत्तरांची शीट उघडली की पहिल्याच कॉलममध्ये फॉर्म कधी भरला त्याची वेळ असते. मी टीममध्ये फिरून 'भरून टाका हं' म्हटलं आणि कोणी 'आत्ताच भरते' म्हणून लगेच भरला, तर ती ओळ कोणाची हे मला कळणारच. बघायचं नसलं तरी डोळे जातातच. आणि ते रिमाइंडर! 'तुम्ही अजून सर्व्हे भरलेला नाही' असा मेल नावानिशी आला की माणूस पहिला विचार हाच करतो की निनावी आहे तर मी भरला नाही हे यांना कळलं कसं. आता कोणी भरला याची यादी वेगळी आणि काय लिहिलं ते वेगळं ठेवता येतं, तशा सिस्टीम असतात, पण हे कोणी समजावून सांगत नाही. लॉगिनचं पण तेच. एकाने एकदाच भरावा म्हणून लॉगिन मागतात, नाव साठवलं जात नसेलही, पण भरणाऱ्याने ते कशावरून मानायचं? त्याच्यासमोर स्वतःचा ईमेल लिहिलेला दिसतोय आणि वर ठळक अक्षरात आश्वासन. बाय द वे, आश्वासन जितकं लांबलचक तितका विश्वास वाढतो असंही नाही. एलेनॉर सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या एका पेपरमध्ये हेच मांडलं की गोपनीयतेची जास्त ठासून ग्वाही दिली की लोक उलट सावध होतात, एवढं सांगतायत म्हणजे काहीतरी नाजूक विचारणार असं त्यांना वाटतं. मला हे शंभर टक्के पटतं.

आणि मग सगळ्यात शेवटी तो मोठा चौकोन, 'आणखी काही सांगायचं आहे का?' खरा फीडबॅक असतो तो तिथेच, आणि माणूस सगळ्यात जास्त उघडा पडतो तोही तिथेच, कारण लिहिण्याची ढब लपत नाही. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातल्या बारा निबंधांचा वाद आकडेमोडीने सोडवला, ते हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, म्हणजे त्या काळच्या दोन नेत्यांपैकी कोणी लिहिले, असा तो वाद होता. त्यांनी मोठमोठे विचार तपासले नाहीत, 'अपॉन' सारखे बारके इंग्रजी शब्द कोण किती वापरतो ते मोजलं. हॅमिल्टनच्या लिखाणात तो शब्द सारखा यायचा, मॅडिसनच्या क्वचित, आणि निकाल मॅडिसनच्या बाजूने लागला. रोज एकत्र काम करणाऱ्यांना एवढं मोजायची पण गरज नसते.

मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय. सर्व्हेचे निकाल मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावले होते, आकडे झाले, मग साहेब कमेंट्स वाचायला लागले, एकेक, मोठ्याने, जशा लिहिल्या होत्या तशा. एक कमेंट होती की शुक्रवारी संध्याकाळी काम सोपवून सोमवारी सकाळी मागणं हे बेसिकली आमच्या घरच्या लोकांवर अन्याय आहे. 'बेसिकली' शब्द आला आणि खोलीतल्या चार-पाच माना एकाच खुर्चीकडे वळल्या, कारण दर दोन वाक्यांनी बेसिकली म्हणणारा आमच्यात एकच होता. तो समोरच्या वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवत राहिला. साहेब हसून म्हणाले, "ज्यांनी कोणी लिहिलंय त्यांनी मला येऊन भेटलं तरी चालेल, माझं दार उघडं असतं." त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण पुढच्या सर्व्हेत त्या चौकोनात जवळपास सगळ्यांनी एकतर काही लिहिलं नाही किंवा 'सर्व ठीक आहे' लिहिलं, आणि शुक्रवारचं काम शुक्रवारीच येत राहिलं. मला त्या माणसाचं आजही वाईट वाटतं. त्याने जे लिहिलं होतं ते सगळ्यांच्या मनातलं होतं, नेमकं होतं, सभ्य होतं, सुधारता येण्यासारखं होतं. याहून चांगला फीडबॅक कुठे मिळणार होता?

म्हणून मला वाटतं की निनावीपणा भरणाऱ्याला 'देता' येत नाही, विचारणाऱ्याने स्वतःकडची ताकद सोडावी लागते. मला हवं असतं तरी मी शोधू शकले नसते, इथपर्यंत यायला पाहिजे.

हे अगदी टोकाला नेऊन कोणी केलं असेल तर स्टॅन्ली वॉर्नर यांनी, १९६५ मध्ये. लोक नाजूक प्रश्नांना खोटी उत्तरं देतात किंवा देतच नाहीत हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. त्यांची मूळ पद्धत जरा वेगळी होती पण तिचा नाण्याचा प्रकार समजायला सोपा आहे म्हणून तो सांगते. प्रश्न विचारायचा, समजा 'तुम्ही कधी कामाचा खोटा रिपोर्ट दिलाय का?' उत्तर देणाऱ्याने आधी कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छाप पडला तर खरं काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. आता कोणी 'हो' म्हणालं तर ते नाण्यामुळे की खरंच, हे विचारणाऱ्याला कधीच कळणार नाही, कोणी डोक्याशी बंदूक लावली तरी तो सांगू शकणार नाही. पण एकूण चित्र मात्र मिळतं. दोनशे जणांना विचारलं, साधारण शंभर जणांचा छाप पडणार आणि ते 'हो' म्हणणार. एकूण 'हो' आले १३०, म्हणजे वरचे तीस हे काटा पडलेल्या शंभरातले खरे 'हो'. साधारण तीस टक्के लोकांनी खोटा रिपोर्ट दिलाय. एकाही माणसाला न पकडता हे समजलं.

मला हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं, अजूनही आवडतं, कारण यात विश्वास ठेवा असं कोणी म्हणतच नाहीये, विश्वासाची गरजच काढून टाकलीये. हाच विचार पुढे वाढत गेला, सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याला गणिताचा पक्का पाया दिला, डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात ते, म्हणजे आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करून एकट्या माणसाला लपवायचं, गूगलने २०१४ मध्ये क्रोममधून माहिती गोळा करताना याच जातीची पद्धत वापरल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे छापतानाही मुद्दाम थोडी गडबड मिसळली गेली. फक्त याला माणसं भरपूर लागतात. बारा जणांच्या टीममध्ये नाणी उडवून काही हाती लागणार नाही, नाण्याचीच चूक उत्तरापेक्षा मोठी होईल.

मग छोट्या टीमने काय करायचं? इथे मला विमानवाल्यांचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत असताना डोंगरावर आदळलं आणि आतले सगळेच्या सगळे ९२ जण गेले. किती खाली यायचं याबद्दल पायलट आणि जमिनीवरचे कंट्रोलर यांच्यात घोळ झाला होता. पण चौकशीत समोर आलं की साधारण दीड महिना आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं, त्या पायलट लोकांनी आपल्या कंपनीत सांगितलं होतं, कंपनीने आपल्या पायलटना सावध केलं होतं, आणि ती माहिती बाकीच्यांपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर १९७५ मध्ये एफएएने म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याने स्वतःच रिपोर्ट मागवायला सुरुवात केली. रिपोर्ट फारसे आले नाहीत. कसे येणार, लायसन्स रद्द करणारं खातं तेच. मग १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं गेलं, ज्यांना पायलटला शिक्षा करायचा अधिकारच नाही.

आणि गंमत बघा, तो फॉर्म निनावी नाही! पायलट त्यावर नाव, फोन सगळं लिहितो, वरच्या एका पट्टीवर. नासाचे लोक रिपोर्ट वाचतात, काही कळलं नाही तर फोन करून विचारतात, आणि मग ती नावाची पट्टी फाडून, शिक्का मारून त्यालाच परत पाठवतात. नासाकडे नाव उरत नाही. दहा दिवसांच्या आत कळवलं आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात किंवा गुन्ह्याचा मामला नसेल, तर खात्याची दंडाची कारवाई पण टळते. आजवर लाखो रिपोर्ट आलेत. नाव लिहून आलेत! कारण वाचणारा शिक्षा करू शकत नाही, नाव परत मिळतं, आणि सांगितलेल्या गोष्टीतून पुढे सगळ्यांसाठी सूचना निघतात हे पायलटना दिसतं.

छोट्या टीमला यातलं बरंच जमतं. कमेंट्स साहेबांनी न वाचता दुसऱ्या विभागातल्या, पगारवाढीशी संबंध नसलेल्या कोणीतरी वाचाव्यात, सगळ्यांचा अर्थ राखून आपल्या शब्दात लिहाव्यात, वेळेचा कॉलम आधी उडवावा, मूळ शीट डिलीट करावी आणि हे सगळं होणार आहे हे आधी दोन साध्या ओळीत सांगावं. वय, लिंग विचारू नये. खरंच, काय करणारोत त्याचं बारा जणांत?

निनावी केलं की सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. योफ्ताख लेल्केस, जॉन क्रॉस्निक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की पूर्ण निनावी असताना लोक नको त्या गोष्टी जास्त कबूल करतात खरं, पण उत्तरांची अचूकता कमी होते, कारण आपल्या नावावर काहीच नाही म्हटल्यावर विचार करून भरायची जबाबदारी पण वाटत नाही. आणि कधी कधी अशा चौकोनात जे लिहिलेलं असतं ना, एखाद्या बाईच्या आवाजाबद्दल, कपड्यांबद्दल, ते वाचून पोटात खड्डा पडतो. ते तिच्यापर्यंत जसंच्या तसं पोचवणारा माणूस 'मी फक्त फीडबॅक दिला' म्हणून हात झटकू शकत नाही. मध्ये वाचणारं कोणी असावं ते यासाठी सुद्धा.

प्रश्न नेमका असला की विष पण कमी येतं. 'मीटिंग कशा वाटतात?' याला 'चांगल्या' हेच उत्तर मिळणार. 'मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये काही बोलायचं होतं पण बोलला नाहीत असं झालं का? काय बोलायचं होतं?' असं विचारलं की लोक थांबतात, आठवतात आणि लिहितात. माणसाबद्दल मत न मागता घडलेली गोष्ट मागायची.

मग आकडे खाली येतात, आणि यायला पाहिजेत. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील असं त्यांना वाटत होतं, आणि नोंदी निघाल्या जास्त. तिथे चुका जास्त होत असाव्यात असं नाही, तिथे त्या बोलून दाखवल्या जात होत्या, असा त्यांनी अर्थ लावला. त्यामुळे ४.१ चा ३.४ झाला तर घाबरून बैठक बोलावणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की आधी कमेंट्स लांब झाल्यात का ते बघा.

आणि मग लवकर, म्हणजे आठवड्याभरात, सगळ्यांसमोर मांडा. कडू ते पण. काय करणार, काय करता येणार नाही आणि का नाही. यात जे 'करता येणार नाही' असतं ना, ते स्पष्ट सांगितलं तर लोक रागवत नाहीत, उत्तरच आलं नाही की पुढच्या वेळी चार टाकतात.

हल्ली मी कुठलाही सर्व्हे बनवला की शेवटचा प्रश्न एकच ठेवते: 'मागच्या वेळी तुम्ही जे लिहिलं होतं त्याचं पुढे काही झालं का?' पर्याय तीन, हो, नाही, आणि 'मी तेव्हा खरं लिहिलंच नव्हतं'. उत्तरं आली की बाकी काही उघडायच्या आधी त्या तिसऱ्या पर्यायावर किती टिक आल्यात ते बघते, आणि त्या बऱ्याच असतील तर वरचे सगळे आकडे कोणाला दाखवत नाही.